उजवीकडे बघणारे सर

समोर घंटागाडी दिसली की माझा डावा पाय आजही आपोआप क्लचवर जातो. बाकीचे लोक कडेनं गाडी घालतात, हॉर्न वाजवतात, कचऱ्याच्या बादल्या घेऊन उभ्या असलेल्या बायांवर डाफरतात. मी मात्र मुकाट्यानं तिच्या मागे लागते आणि ती थांबेल तिथं थांबते. शेजारी बसलेल्याला वाटतं, हिला ओव्हरटेक येत नाही. चांगलं येतं. पण माझं गाडी शिकणं घंटागाडीच्या मागेच झालं, आणि ज्यांनी शिकवलं त्यांच्याकडे दुसरी पद्धतच नव्हती.

इंदिरानगरात त्यांचा ड्रायव्हिंग क्लास होता. क्लास म्हणजे एक पांढरी छोटी गाडी, घराची पुढची खोली आणि त्या खोलीतल्या टेबलामागे बसलेल्या त्यांच्या मिसेस. त्यांना सगळे मॅडम म्हणत आणि यांना सर. आधी सरांनी ओझरच्या कारखान्यातल्या कामगारांना नेणारी-आणणारी बस कित्येक वर्षं चालवली होती. सकाळी दोघांची बुद्धवंदना झाली की सर गाडी पुसायला घेत. चाकांच्या नटांपर्यंत पुसत. तेवढ्या वेळात पहिला विद्यार्थी येऊन उभा राहिलेला असला तरी त्याला थांबावं लागे, आणि सर आपल्याकडे न बघता शेजारच्या शेवग्याकडे बघून आपल्याशी का बोलतायत, याचा विचार करावा लागे.

सरांची मान उजवीकडे वळलेली होती. थोडीथोडकी नाही, हनुवटी जवळजवळ खांद्याच्या रेषेत यायची. मधूनच ती आणखी एक हिसका देऊन पुढे जायची आणि परत यायची. समोरून बोलायला गेलं की त्यांचा डावा कान आपल्याशी बोलतोय असं वाटायचं. मात्र गाडीत बसले की सगळं जागेवर येई. शिकवणाऱ्याची सीट डावीकडे, शिकणाऱ्याची उजवीकडे. सर डावीकडे बसत, पायाशी जादाचा क्लच आणि ब्रेक, आणि तोंड थेट आपल्या तोंडाकडे.

"रस्ता तुम्ही बघा," ते पहिल्याच दिवशी सांगत, "मी तुम्हाला बघतो."

आणि खरंच बघत. माझ्याआधी एक बँकेतले साहेब शिकायला यायचे, ते चिडून म्हणाले होते, असं टक लावून कोण बघतं का हो. एका नव्या नवरीच्या सासूबाई तर मागच्या सीटवर पहारा द्यायला बसत. पुढे सुनेनं कंटाळून सोडून दिलं आणि सासूबाईंनीच लायसन काढलं. सरांच्या बघण्यात वाकडं काही नव्हतं. त्यांना आपल्या चेहऱ्यावरून कळायचं आपण काय करणार आहोत ते. "ताई, तुमचा खालचा ओठ आत गेला की तुम्ही ब्रेकच्या जागी रेस दाबता," हे त्यांनी मला तिसऱ्या की चौथ्या दिवशी सांगितलं. मी म्हटलं, असं काही नाही. पुढच्या चौकात एक म्हैस आडवी आली, माझा ओठ आत गेला आणि मी रेस दाबायच्या आत सरांचा पाय ब्रेकवर होता. म्हशीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नव्हतं.

घंटागाडीची पद्धतही यातूनच आलेली. मोठ्या रस्त्यावर ते कोणालाच नेत नसत. "हायवे तुम्हाला हायवे शिकवेल," म्हणत. सकाळी कॉलनीत घंटागाडी शिरली की आमची गाडी तिच्या मागे. ती चालली की पहिला गिअर, ती थांबली की हाफ क्लच, चढावर उभी राहिली की आपणही चढावर उभं राहायचं आणि मागे घसरायचं नाही. लोकांना इतकी सवय झाली होती की आमची गाडी महापालिकेचीच आहे असं काहींना वाटे. एका आजींनी ओल्या कचऱ्याची बादली आमच्या खिडकीपर्यंत आणली होती. सरांनी अतिशय अदबीनं बादलीला हात लावून सांगितलं, "आजी, पुढची. आमची फक्त माणसांची आहे."

गाडीला हॉर्न नव्हता. म्हणजे होता, पण त्याची वायर सरांनी स्वतःच्या हातानं काढून ठेवली होती. हॉर्नची सवय लागली की माणूस ब्रेक विसरतो, असं त्यांचं ठाम मत. गाडी पासिंगला न्यायची असली की तेवढी वायर जोडायची, परत आलं की काढायची. समोरच्याला सांगायचंच असेल तर दिवा दाखवायचा आणि वाट बघायची. आम्ही सगळे त्यांचे विद्यार्थी अजूनही दिवाच दाखवतो आणि शिव्या खातो.

आणखी एक सवय होती. समोरचा रस्ता बघायची अगदीच वेळ आली, तर सर उजव्या हाताची तर्जनी हनुवटीला लावत. नुसती टेकवत. लगेच मान सरळ होई. बोट असेपर्यंत सरळ, बोट काढलं की पुन्हा उजवीकडे. विद्यार्थी एकमेकांना सांगत, सरांनी बोट लावलं की बोलायचं नाही, सर विचार करतायत.

मी मात्र ते बोट ओळखलं.

माझं कामच ते आहे. मी मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे नसा आणि स्नायू तपासायचं मशीन चालवते. स्नायूत बारीक सुई घातली की मशीनच्या स्पीकरमधून त्याचा आवाज येतो. शांत स्नायू गप्प असतो, ओढ घेणारा स्नायू तडतडतो. गाडी शिकायला मी गेले तीही या मशीनपायीच, कारण आमच्या डॉक्टर आठवड्यातून एकदा दुसऱ्या दवाखान्यात बसायला लागल्या होत्या आणि मशीन स्कूटरवर नेता येत नव्हतं. अशा वळलेल्या माना मी पुष्कळ पाहिल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच जणांकडे अशी एखादी युक्ती असते. एक बाई गालाला रुमाल लावायच्या, एक गृहस्थ डोक्याच्या मागे दोन बोटं टेकवायचे. जोर लावून ढकललं तर मान ऐकत नाही, नुसता स्पर्श केला की ऐकते. का, ते डॉक्टरांनाही नीट सांगता येत नाही.

एका सकाळी घंटागाडी एका गल्लीत बराच वेळ अडकली होती. मी म्हटलं, "सर, बोट काढा बघू."

"रस्ता बघा."

"रस्ता उभा आहे. बोट काढा."

त्यांनी काढलं. मान उजवीकडे आली आणि आम्ही समोरासमोर आलो. "याला औषध आहे," मी म्हटलं.

सर हसले. मग त्यांनी मला यादीच ऐकवली. मालिश झालं होतं, पट्टा झाला होता, सटाण्याकडच्या एका माणसानं मान धरून कडकन वाजवली होती. एकानं टेन्शन घेऊ नका म्हणून सांगितलं होतं, तेव्हापासून टेन्शन यायला लागलं होतं. शेवटी त्यांनी स्वतःच निदान करून टाकलं होतं. "वर्षानुवर्षं मी उजवीकडे बघून शिकवलं, ताई. मान तशी सेट झाली. शिंप्याची पाठ वाकते, हमालाचा खांदा उतरतो, तशी माझी ही. धंद्याचा शिक्का आहे." हे बोलताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, चक्क अभिमान होता.

"मग तुम्ही स्वतः गाडी कधी चालवता?"

घंटागाडी हलली, मी क्लच सोडला, आणि पुढच्या थांब्यावर त्यांनी सांगितलं. चालवतच नव्हते. उजव्या सीटवर बसलं की मान खिडकीबाहेर जायची आणि रस्त्याऐवजी लोकांची कंपाउंडं दिसायची. एक हात हनुवटीला लावून गिअर कसा टाकणार? ज्या दिवशी हे कळलं त्या दिवशी गाडीची चावी त्यांनी विद्यार्थ्यांच्या हाती दिली ती कायमची. मॅडम गाडी शिकायला तयार नव्हत्या. कळवणला त्यांची थोरली बहीण होती, आक्का. आई गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलं होतं. तिच्याकडे ते एसटीनं जायचे. आणि दर वेळी आक्का दारातच ऐकवायची, "लोकांना गाडी शिकवतो अन् सोता यष्टीनं येतो. लाज नाय वाटत?"

"ती चेष्टेनं म्हणते," सर म्हणाले. "पण तिला गाडीत बसायचंय. माझ्या. मी चालवताना. आता थकलीय ती. माझं एकच राह्यलंय ताई, तिच्या दारात गाडी नेऊन उभी करायची आणि हॉर्न वाजवायचा."

हॉर्नच्या वैऱ्यानं आयुष्यातला एक हॉर्न आक्काच्या दारासाठी राखून ठेवला होता. मी त्याच दिवशी डॉक्टरांकडे त्यांचं नाव लावलं.

आमच्या डॉक्टर बोलायला सरळ आहेत. त्यांनी सरांना बसवलं, उठवलं, चालवलं, बोट लावायला आणि काढायला सांगितलं आणि म्हणाल्या, "मानेत काही बिघाड नाही. मेंदू मानेला चुकीचा हुकूम देतोय, आणि स्नायू बिचारे इमानदारीनं पाळतायत."

"पण मी उजवीकडे बघून बघून..."

"नाही. तुम्ही बँकेत असतात तरी झालं असतं."

सरांचा चेहरा पडला. आजार बरा होत नाही हे पुढे कळलं तेव्हा पडला नाही इतका तेव्हा पडला. धंद्याचा शिक्का म्हणून जे इतकी वर्षं मिरवलं ते कोणालाही होऊ शकतं, बँकेतल्या साहेबांनासुद्धा, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. नंतर मला हळूच म्हणाले, "डॉक्टर हुशार आहेत, पण त्यांना गाडी येत नसणार."

उपाय म्हणजे इंजेक्शन. मॅडमनी विचारलं कशाचं, आणि डॉक्टरांनी सांगून टाकलं, "विषाचं." खराब झालेल्या डबाबंद अन्नात एक जंतू वाढतो, त्याचं विष. पोटात गेलं तर माणूस दगावू शकतो. पण त्याचा अगदी कणभर अंश मोजून स्नायूत टोचला तर तो स्नायू ढिला पडतो, चुकीचा हुकूम त्याच्यापर्यंत पोचतच नाही. असर साधारण तीन महिने, मग परत टोचायचं.

मॅडमनी पर्स छातीशी धरली. "म्हणजे बरं होणार नाही?"

"बरं नाही होणार. सरळ होईल."

"म्हणजे सर्व्हिसिंग," सर म्हणाले. "दर तीन महिन्यांनी. ते आपल्याला कळतं."

कॉलनीत बातमी फुटायला वेळ लागला नाही. हेच इंजेक्शन नट्या सुरकुत्या घालवायला घेतात, हे कोणीतरी मोबाइलवर वाचलं, आणि दोन दिवसांत सगळं इंदिरानगर सरांच्या कपाळाकडे बघायला लागलं. भाजीवाला म्हणाला, सर, लय गोरे दिसताय. मॅडम चिडायच्या. सर मात्र बोटानं कपाळ ताणून दाखवायचे आणि म्हणायचे, अजून डोस बसलेला नाही.

टोचायच्या दिवशी मशीन मी लावलं. डॉक्टरांनी सुई मानेच्या डाव्या बाजूला, पुढून जवळ नेली, तेव्हा सर उठून बसले. "डॉक्टर, मान उजवीकडे जातेय आणि तुम्ही डावीकडे टोचताय."

"मान उजवीकडे वळवायचं काम पुढून डावा स्नायू करतो आणि मागून उजवा. दोघं मिळून ओढतायत. सगळ्यांनी आजवर तुमची उजवी बाजूच चोळली ना?"

सरांनी दोन्ही हात पुढे करून हवेतलं स्टिअरिंग डावी-उजवीकडे फिरवून पाहिलं, मान डोलवता येत नव्हती म्हणून डोळे मिटून होकार दिला आणि आडवे झाले. सुई आत गेली, स्पीकर तडतडायला लागला. सर कान देऊन ऐकत होते. "मिसिंग मारतंय," म्हणाले. डॉक्टरांनी औषध सोडलं, मी आवाज कमी केला, तर म्हणाले, "राहू द्या ताई. स्वतःचं इंजिन कधी ऐकायला मिळतं?"

पहिल्या वेळी बेत फसला. मान थोडी सैलावली, पण घास गिळायला त्रास व्हायला लागला. हे होऊ शकतं असं डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, पण सांगणं वेगळं आणि भाकरी घशात अडकणं वेगळं. महिनाभर सर मऊ भात आणि पातळ वरणावर होते. मटणाच्या रश्श्याला ते मुकले, आणि तो राग त्यांनी आमच्या अख्ख्या क्लिनिकवर काढला. "मान दुरुस्त करायला दिली, तर यांनी सायलेन्सर काढून घेतला." आता हे परत येत नाहीत, असं मला वाटलं. पण तीन महिन्यांनी दारात हजर. आक्काचा फोन आला होता. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, आता लांबचं लख्ख दिसतं म्हणाली होती. डॉक्टरांनी या वेळी पुढचा डोस कमी केला, मागचा वाढवला.

पंधरा दिवसांनी मी क्लासवर गेले तर सर अंगणात उभे होते आणि माझ्याकडे बघत होते. समोरून. दोन्ही डोळे, नाक मध्ये, दोन्ही कान आपापल्या जागी. मला इतका आनंद झाला की मी ओरडलेच. मॅडम बाहेर आल्या आणि सवयीनं त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. इतकी वर्षं जेवताना, चालताना, बसमध्ये त्या उजवीकडेच असत, म्हणजे त्यांना दिसतील अशा. सर म्हणाले, "अगं, आता समोर ये." त्या समोर आल्या आणि लाजून पदराशी खेळत बसल्या.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण सर रस्त्याला घाबरले.

शिकवताना ते आता समोर बघायला लागले, आणि त्यांना रस्ता दिसायला लागला. कुत्री, रिक्षा, मोबाइलवर बोलत आडवी येणारी पोरं, दार न बघता उघडणारे लोक. सर सारखा ब्रेक मारायला लागले. विद्यार्थ्यानं काही करायच्या आत गाडी थांबलेली असायची. घंटागाडी पुढे निघून जायची आणि हे कोपऱ्यावर उभे. दोघा-तिघांनी क्लास सोडला. डॉक्टरांनी मान दोन्हीकडे वळवून पाहिली, आरसे दिसतात का विचारलं आणि परवानगी दिली होती की गाडी चालवा, पण सुरुवातीला शेजारी ब्रेकवाली सीट आणि तिथं लायसन असलेला माणूस हवा. माझ्याकडे तोवर लायसन आलं होतं. मी तयार होते. सर नव्हते. कधी गाडीचं ऑइल बदलायचं असायचं, कधी मॅडमना बरं नसायचं, कधी कळवणच्या रस्त्याचं काम चालू असायचं. एकदा मी त्यांना जबरदस्तीनं गाडीपर्यंत नेलं, तर ते सरळ डावं दार उघडून बसले, पट्टा लावला आणि रिकाम्या सीटला म्हणाले, "चला, काढा गाडी."

"मान सरळ झाली आणि माणूस वाकडा झाला," मॅडम म्हणाल्या.

मला राग आला. मी रागीट आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही. विष टोचून घेतलं, महिनाभर भात गिळला, तिकडे आक्का वाट बघतेय आणि हे ऑइल बदलतायत. मी सांगितलं, "सर, हे तीन महिनेच आहे. अर्धे गेले. उतरायला लागलं की मान परत शेवग्याकडे."

त्यांनी फडक्यानं बॉनेट पुसून घेतलं. मग म्हणाले, "ताई, इतकी वर्षं मला फक्त माणसाचं तोंड दिसायचं. तोंड आधी सांगतं काय होणार ते. रस्ता काही सांगत नाही. मला भीती वाटते. तिच्या दारापर्यंत जायच्या आधी कुठं ठोकली तर तिला काय तोंड दाखवू?"

मी म्हटलं, "मग उद्या सकाळी घंटागाडीच्या मागे."

दुसऱ्या दिवशी मी डाव्या सीटवर बसले, सर उजव्या. घंटागाडीवाल्यानं आरशात बघितलं, गाडी थांबवली, उतरून मागे आला आणि म्हणाला, "सर, तुम्ही? आज शिकायला?" सरांनी गंभीरपणे मान हलवली. आता हलवता येत होती. मी त्यांच्याकडे तोंड वळवून बसले आणि म्हणाले, "रस्ता तुम्ही बघा. मी तुम्हाला बघते."

हसले नाहीत. पण क्लच सुटला.

ते स्वतःलाच शिकवत गाडी चालवायचे. "भाऊ, घाई नको. आरसा बघा. हां, आता सोडा." त्यांच्या चेहऱ्यावरून मलाही एक गोष्ट कळायला लागली. घाबरले की उजवा हात स्टिअरिंगवरून सुटायचा आणि बोट हनुवटीकडे निघायचं. मान सरळच असायची, बोटाची गरज नसायची, पण निघायचं. मी म्हणायची, "बोट खाली." ते खाली जायचं. रोज सकाळी कॉलनीचा कचरा गोळा होईपर्यंत आम्ही मागे असायचो. काही दिवसांनी मी बोट खाली म्हणायचं विसरले, तेव्हा लक्षात आलं की ते वर आलंच नव्हतं.

मग एका रविवारी आम्ही कळवणला निघालो. सर उजवीकडे, मी ब्रेकवर, मागे मॅडम, मांडीवर आक्कासाठी केलेल्या लाडवांचा डबा. दिंडोरीपर्यंत सरच बोलत होते, तेही स्वतःशी. वणीच्या पुढे चढ लागला आणि समोर एक कांद्याचा ट्रॅक्टर आला. मागून गाड्या ओरडायला लागल्या, जो तो आम्हाला ओलांडून जायला लागला. सरांनी ओव्हरटेक केलं नाही. ट्रॅक्टर चालला की चालले, थांबला की थांबले, चढावर हाफ क्लचवर उभे राहिले आणि बोटभरसुद्धा मागे घसरले नाहीत. वळणावर दिवा दाखवत होते. नांदुरीच्या पुढे एका वळणावर अचानक बस समोर आली आणि त्यांचा हात स्टिअरिंगवरून उचलला गेला. माझा पाय ब्रेकवर गेला. मी दाबला नाही. त्यांचा चेहरा बघितला आणि दाबला नाही. हात परत स्टिअरिंगवर आला, गाडी कडेला झाली, बस गेली.

"बघितलं का?" सर म्हणाले.

"मी तुम्हाला बघत होते," मी म्हटलं.

कळवणच्या त्या गल्लीत आक्काचं घर उजव्या हाताला होतं. सरांनी गाडी दारासमोर अशी लावली की उंबरठा बरोबर खिडकीसमोर आला. न्यूट्रल केलं. हँडब्रेक ओढला. शर्टाची कॉलर नीट केली. मग तळहात स्टिअरिंगच्या मधोमध ठेवला आणि दाबला.

काहीच वाजलं नाही.

त्यांनी परत दाबला. मग दोन्ही हातांनी दाबला. मॅडम मागून म्हणाल्या, "अहो, वायर तुम्हीच काढलीय ना." मला हसू आवरेना, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं या एका हॉर्नची वाट बघितली आणि निघताना वायर जोडायची आमच्यापैकी कोणालाच आठवली नव्हती. सर हसले नाहीत. त्यांनी खिडकीची काच खाली केली. मान उजवीकडे वळवली. सावकाश, पाहिजे तेवढी, आणि पाहिजे तिथं थांबवली. हाक मारली, "आक्के!"

आक्का पदराला हात पुसत बाहेर आली. किरकोळ म्हातारी, डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा. तिनं चष्मा काढला. आधी गाडी बघितली, मग गाडीत कोण कुठं बसलंय ते बघितलं. खिडकीतून हात आत घालून तिनं सरांची हनुवटी धरली, मान इकडून तिकडं फिरवून बघितली. ती फिरली.

"मंग हॉर्न का नाय वाजवला रं?" ती म्हणाली.

सरांनी मान डावीकडे वळवली, पार माझ्यापर्यंत, जिकडे ती इतकी वर्षं जायचीच नाही, आणि म्हणाले, "ताई, उतरा. तिला पुढं बसू द्या."

डॉक्टरांची अट मला माहीत होती. तरीही मी उतरले. आक्काला आत बसवलं, पट्टा लावून दिला, पायाशी असलेल्या ब्रेकला पाय लावायचा नाही म्हणून बजावलं. मॅडम डबा घेऊन माझ्याशेजारी दारात उभ्या राहिल्या. गल्ली लहान होती आणि सरांचा वेग घंटागाडीचा. वळण घेऊन गाडी परत आमच्या समोरून गेली तेव्हा मी नीट पाहिलं. सर रस्ता बघत होते. आक्का रस्त्याकडे बघतच नव्हती. ती सरांकडे बघत होती.